हँडसेट वर, बेस खाली

"तुमचं झालं ना बोलणं? आईशी बोललो असं त्यानंच सांगितलं आम्हाला," जहाज कंपनीच्या ऑफिसातला माणूस फोनवर म्हणाला, आणि मी शेजारी बसलेल्या काकूंकडे बघितलं. काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. शनिवारी मुलाच्या अपघाताचा निरोप आल्यापासून त्या त्याच्या फोनची वाट बघत होत्या आणि त्यांचं कुणाशीही बोलणं झालेलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो गोंधळला. मुलगा बरा आहे, हाताला थोडं लागलंय, जहाज बंदरातून सुटलंय, आता पुढचं बंदर येईपर्यंत फोन होणार नाही, एवढं भराभर बोलून त्यानं फोन ठेवला.

काकूंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तो कुणाशी बोलला?"

बिल्डिंगीत फोन आमचाच. डोंबिवलीत तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायला लागायचं, त्यामुळे निम्म्या बिऱ्हाडांनी आमचा नंबर नातेवाइकांना देऊन ठेवलेला, पुढे 'पी.पी.' लिहून. त्याचं मला काही नव्हतं. पण मी नोकरीला ठाण्यात, खोपटला, नवरा कल्याणला, आणि दिवसभर घराला कुलूप. मुलगा बोटीवर लागल्यापासून काकू आमच्या बंद दाराशी उभ्या राहून आतली घंटा ऐकायच्या. थांबली की जिना चढून परत वर. मी दहादा म्हटलं, किल्ली ठेवा. नाही म्हणायच्या. उद्या काही इकडचं तिकडे झालं तर तोंड कसं दाखवू, म्हणे. अस्सा राग यायचा मला! शेवटी आखातातल्या माझ्या भावाला सांगून कॉर्डलेस मागवला. बेस खाली आमच्या घरात, हँडसेट सकाळी वर काकूंकडे. संध्याकाळी मी आले की तो खाली आणून बेसवर ठेवायचा. जुना तांबडा फोन गेला माळ्यावर.

आणि हा कानामागून आला नि तिखट झाला. मी घरी असले की शहाण्यासारखा वागायचा. दिवसा काकूंकडे मधूनच रुसायचा. खाली घंटा वाजतेय हे काकूंना जिन्यातून ऐकू यायचं, पण वर बटण दाबलं की नुसतं टूं टूं. निरोपाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारीही तसंच झालं होतं. खाली दोनदा वाजला, काकू हँडसेटची सगळी बटणं दाबत धावत जिना उतरल्या, आणि घंटा थांबली. कट झाला असेल, असं मीच त्यांना समजावलेलं. डोंबल कट झाला! कुणीतरी उचलला होता.

नवऱ्यानं फोनच्या खोक्यातलं माहितीपुस्तक काढलं. मी म्हटलं, वाच आता, वरात निघून गेल्यावर. त्यानं निमूट वाचलं. हँडसेट बेसवर ठेवला की दोघांत एक गुप्त आकडा ठरतो, आणि मग त्या बेसशी दुसऱ्या कुणाचा हँडसेट बोलू शकत नाही. पण बेसची लाईट गेली की तो आकडा पुसला जातो आणि कारखान्यातला मूळ आकडा येतो, जो सगळ्यांचा एकच. आमच्याकडे शुक्रवारी दिवसा लाईट जायची, दुरुस्तीसाठी, दर आठवड्याला. लाईट परत आल्यावर खाली बेस मूळ आकड्यावर, वर हँडसेट सकाळच्या. दोघं एकमेकांना ओळखेनात. पण जवळपास कुणाकडे हेच मशीन असेल, आणि लाईट गेली तेव्हा त्यांचा हँडसेट आपल्या बेसवर शहाण्यासारखा बसलेला असेल, तर उचलून परत ठेवेपर्यंत तोही मूळ आकड्यावर. आमचा फोन तिकडे वाजणार आणि तिकडून उचलला जाणार. शेजारधर्म म्हणून हँडसेट वर नेऊन ठेवला, आणि तिथेच सगळं फसलं.

काकूंनी माझ्यापुढे हात केला. मी किल्ली ठेवली त्यांच्या हातात. नवऱ्यानं माळ्यावरून तांबडा फोन काढून लावला. पण गेलेला फोन थोडाच परत येणार होता?

मी म्हटलं, बरा आहे म्हणतायत ना ऑफिसवाले. काकू म्हणाल्या, यांच्या वेळीही ऑफिसातून 'बरे आहेत' असाच निरोप आलेला. तेव्हा काका हॉस्पिटलात आधीच वारलेले होते आणि काकू इथे त्यांचा डबा भरत होत्या, हे सगळ्या बिल्डिंगीला माहीत होतं. अपघाताचा निरोप आल्यापासून त्या चहावर होत्या. मी पाठवलेलं ताट तसंच झाकून ठेवायच्या. दोन दिवसांत चेहरा एवढासा झालेला, आणि जिना चढताना कठडा धरायला लागल्या होत्या. मला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि काकूंना खोदून खोदून विचारलं, हँडसेटवर कधी काही ऐकू आलंय का? आधी सांगेनात. मग म्हणाल्या, एक बाई असते. कुणालाही बाय, बाय म्हणते. पापलेट, बोंबील असलं बोलते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून काकू लगेच बंद करायच्या. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. किती ते सोवळं! पण तिच्या बोलण्यामागे रेल्वेचा भोंगा वाजला की तोच भोंगा आपल्या खिडकीतूनही येतो, एवढं त्यांच्या लक्षात राहिलेलं. म्हणजे बाई जवळचीच, आणि कोळीण. कोपरच्या बाजूला, खाडीकडे जुना कोळीवाडा होताच.

निघालो दोघी. मी एरियल पूर्ण ओढून हँडसेट कानाला लावलेला, काकू पाठीमागे; बाईचा आवाज जिकडे वाढेल तिकडे जायचं. सुरुवातीला नुसती खरखर. रस्त्यातली माणसं वळून बघत होती, बघेनात का. रूळ ओलांडल्यावर खरखरीतून आवाज यायला लागला, एका गल्लीत शिरल्यावर विरला, म्हणून परत फिरून दुसऱ्या गल्लीत. सारखी भीती, की आता ती फोन ठेवेल आणि धागाच तुटेल. काकूंना धाप लागलेली. थांबा म्हटलं तर थांबेनात. सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळीशी वळलो आणि एका कानात फोनमधून नि दुसऱ्या कानात समोरच्या ओटीवरून एकच आवाज आला. जाड, म्हातारी बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात आमच्यासारखाच हँडसेट.

तिनं आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हँडसेटकडे पाहिलं, आणि फोन बंद केला. मी भांडायच्याच तयारीनं गेलेले, आमचा फोन उचललात कसा म्हणून. पण काकू पुढे झाल्या आणि त्यांनी विचारलं, शुक्रवारी दुपारी एका मुलाचा फोन आला होता का? ती बाई मटकन खाली बसली.

"तुजा पोर काय तो, बाय?" ती म्हणाली. "आई, आई करत व्हता. मी बोलले, बाला, राँग नंबर हाय. त्याला धड आयकू जात नव्हता. रडत व्हता. मंग मी काय करू? मी बोलले, बोल बाला."

काय काय बोलला, काकूंनी विचारलं. आवाज अगदी सपाट. म्हातारीनं आठवून आठवून सांगितलं. दोरखंडात हात सापडला. दोन बोटं गेली. हात वाचला. ऑफिसवाल्यांना सांगितलंय, आईला बोटांचं सांगू नका, मी स्वतः सांगीन. कुठला हात, काकूंनी विचारलं. डावा. काकूंनी स्वतःचा डावा हात उजव्या हातात घेतला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकूंच्या नाही.

"आणि?"

"मंग इचारला, आई, जेवलीस का?" म्हातारी खाली बघून म्हणाली. "मी वरडून बोलले, जेवले बाला, तू जेव. तवा जरा निवला. आनि फोन गेला."

मला वाटलं, काकू आता कोसळणार, म्हणून मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. पण त्या चपला काढून ओटीवर चढल्या आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या. कांदा-लसूण घरात न आणणाऱ्या आमच्या काकू, चूल पेटलेली, मासळीचा वास सगळीकडे.

"तुम्ही जेवले म्हणालात ना त्याला," काकू म्हणाल्या, "मग वाढा मला."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. तिनं आत जाऊन हात धुतले, दोनदा धुतले, आणि तांदळाची भाकरी नि गुळाचा खडा ताटलीत घेऊन आली. काकूंनी पहिला घास मोडला. तो त्यांना गिळवेना, तेव्हा म्हातारीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. काकू पूर्ण भाकरी जेवल्या.