दारावरच्या माणसाचे नाव

आमची आत्या वाचता वाचता पुस्तक मिटायची आणि समोर जो असेल त्याला विचारायची, "ह्याचं नाव काय होतं?" नवख्या माणसाला वाटे, घरातलीच काही चौकशी आहे. आम्हांला ठाऊक असे, की पुस्तकात नुकताच कोणी पहारेकरी मेला. नायक तलवार घेऊन किल्ल्यावर येतो, दारावरच्या दोघांना अर्ध्या ओळीत आडवे करतो आणि आत जाऊन राजकन्येशी पानेच्या पाने बोलत बसतो. आत्या त्या अर्ध्या ओळीवर अडकायची. लेखकाने नाव दिलेले नसले तर स्वतः द्यायची. "चल, हा दत्तू. तो म्हातारा गणपतराव." मग दत्तू आणि गणपतरावांसाठी क्षणभर गप्प बसून ती पुढचे पान उलटायची.

घरात तिला सगळे हवालदार म्हणत. तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, संस्थानच्या फौजेत होते आणि सारी नोकरी त्यांनी राजवाड्याच्या फाटकावर उभ्याने काढली. आम्ही मुलांनी त्यांच्या पराक्रमाची गोष्ट मागितली की आत्या म्हणे, "काही झालंच नाही. त्यांच्या पहाऱ्यात कधी काही झालं नाही, हाच पराक्रम." हे ती अशा काही तोऱ्यात सांगे की मीही शाळेत तसेच सांगितले. पोरे हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही कळत नाही.

आमचे घर गुजरातेत, आणि आत्या तिथल्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. लग्न तिने केले नाही. का, हे विचारायची छाती घरात कोणाची नव्हती. रद्दीवाल्याकडून ती इंग्रजी पुस्तके किलोच्या भावाने आणायची. त्यांतही तिला दोनच जाती चालत, राजांची पुस्तके आणि यंत्रांची पुस्तके. राजांच्या पुस्तकांत ड्रॅगन, जादूगार, हरवलेल्या तलवारी. यंत्रांच्या पुस्तकांत अवकाशयाने, परग्रह आणि माणसापेक्षा शहाणी झालेली यंत्रे. चुकून एखादी प्रेमाची कादंबरी आली तर ती माझ्या आईकडे सरकवायची. "तुला वेळ आहे," म्हणायची. आईला श्वास घ्यायला फुरसत नसे.

जगाने डोक्यावर घेतलेल्या पुस्तकांना ती मुळीच घाबरत नसे. यंत्र माणसांवर उलटले, यानातले सगळे मेले, असे एक गाजलेले पुस्तक मी कॉलेजात असताना भारावून तिला दिले. दोन दिवसांनी परत देताना म्हणाली, "उलटलं तर उलटलं. पण त्या पाळीला ड्यूटीवर कोण होतं? तेवढं सोडून सगळं लिहिलंय." प्रवासी बर्फात गोठून शंभर वर्षे झोपतात, त्या गोष्टींवर तिचा विशेष राग. "सगळेच झोपले? एकानं तर जागं राहायला हवं ने?" एका जुन्या कादंबरीत असा एकटा जागणारा माणूस होता. ते पुस्तक तिने इतके वाचले की पाने सुटली. मग एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा लावून तिने ते गोधडीच्या दोऱ्याने शिवून काढले.

खंडेराव मार्केटात शारदाबेन म्हणून तिची ठरलेली भाजीवाली होती. तिला ती दर आठवड्याला पापडीच्या शेंगा निवडता निवडता पुस्तकाची गोष्ट सांगायची, अर्थात गुजरातीत. एकदा मी पिशव्या धरायला बरोबर होतो. वनवासातला राजा परत येतो आणि सारी प्रजा रडते, इथवर गोष्ट आली होती. "पछी?" पुढे काय झाले ते शारदाबेनने विचारले. "पछी शुं? गादी पर बेठो," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटली, "मधली इतकी वर्षं गावाला पाणी कोण सोडत होतं, त्याच्यासाठी कोणी रडत नाही."

अशा बाईच्या घरात वाढून मी कादंबरी लिहिली, आणि तीही राजाची. हस्तलिखित पहिल्यांदा तिच्याच हातात दिले, कारण मला तिची पसंती हवी होती. पुण्याच्या ज्या प्रकाशकांकडे ते जाणार होते, त्यांच्या पसंतीपेक्षाही जास्त हवी होती. तिच्यासाठीच मी त्यात पहारेकऱ्याला नाव दिले होते, रुबाबदार मिशा दिल्या होत्या, आणि शेवटच्या लढाईत तो दार सोडून धावत जातो नि राजाला वाचवतो असे केले होते. वासणा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून तिने ते वाचले आणि कागद माझ्या मांडीवर ठेवले. "ही लाच आहे," म्हणाली. "आणि हा कसला पहारेकरी? दार सोडून गेला. माझ्या आजोबांनी असल्याला दुसऱ्या दिवशी ठेवला नसता."

मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही. मग ते प्रकरण फाडले आणि नव्याने लिहिले. आता लढाई आत कुठेतरी चालली आहे, आवाज येतात, धूर दिसतो, आणि हा माणूस दारावर उभा आहे. सबंध प्रकरणभर नुसता उभा आहे. प्रकाशकांचा फोन आला, "बाकी उत्तम आहे, एवढं प्रकरण काढा. त्यात काही घडतच नाही." पहिले पुस्तक, मोठे प्रकाशक, माझे मन डळमळले हे कबूल करतो. आत्याला विचारले. ती म्हणाली, "मला नको विचारू. दारात तू उभा आहेस. कोणाला बाहेर काढायचं ते तू बघ."

मी प्रकरण काढले नाही. त्यांनी पुस्तक काढले नाही. दोन वर्षे हस्तलिखित घेऊन दारोदार हिंडलो, तेव्हा एका लहानशा प्रकाशकाने ते जसेच्या तसे छापले. पहिली प्रत आत्याने भिंग घेऊन वाचली. ते प्रकरण संपल्यावर भिंग खाली ठेवून म्हणाली, "उभा आहे बरोबर." तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती प्रत भाजीच्या पिशवीत घालून ती मार्केटात गेली. "आ मारा भत्रीजानी चोपडी छे," हे भाच्याचे पुस्तक, असे तिने शारदाबेनला सांगितले, मग शेजारच्या लिंबूवाल्याला, मग ज्याने विचारले नव्हते त्यालाही. पुस्तक कोथिंबिरीचे डाग घेऊन घरी आले. ते डाग मी कोणाला पुसू दिलेले नाहीत.

त्याच हिवाळ्यात आत्या गेली. झोपेत गेली, कोणाला हाक न मारता.

पुढे इथल्याच एका मराठी वाचनालयाने मला बोलावले. समोर थोडे लोक, बहुतेक पांढऱ्या केसांचे, आणि आजीबरोबर आलेली एक शाळकरी मुलगी. प्रश्न विचारा म्हटल्यावर कोणी राजाबद्दल विचारले, कोणी कल्पना कशी सुचली ते. मग ती मुलगी उठली. मराठी शब्द शोधत, मध्येच गुजराती घालत म्हणाली, "अंकल, तो दरवाजावाळो माणूस आहे ने, तो घरी केव्हा जातो?"

सभागृह हसले. जन्मभर आत्याने या माणसांची नावे विचारली, त्यांना नावे दिली. पण ते घरी केव्हा जातात हे तिलाही कधी सुचले नव्हते. ती असती तर उठून त्या मुलीजवळ गेली असती आणि आधी तिचे नाव विचारले असते. ते मी विचारले. सध्या मी दुसरी कादंबरी लिहितो आहे. तिच्या पहिल्या पानावर तो माणूस घरी निघाला आहे.