ताऱ्याची खोटी हजेरी

हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्या सुधाकरभाऊंना तर नाहीच.

मी पिंपळगाव राजा येथे विज्ञान शिकवतो. सुधाकरभाऊ मलकापूरला घड्याळे दुरुस्त करतात. शिक्षण सातवीपर्यंत, पण आकाश पाहण्याचा नाद माझ्याइतकाच. दुर्बिणीतून कसे पाहावे हे त्यांना मी शिकवले — हे मुद्दाम सांगतो. पुढे ते लागेल.

पाच वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका संध्याकाळी, नेपच्यूनच्या पलीकडचा एक लहानसा बर्फाळ गोल एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. तो गोल आमच्या दुर्बिणींतून दिसत नाही. आडवा आला की तारा काही सेकंद नाहीसा होतो, एवढेच. कोणत्या गावातून किती वेळ नाहीसा झाला हे कळले, की त्या गोलाचा आकार काढता येतो. पृथ्वीवर पडणाऱ्या त्याच्या सावलीच्या मधोमध माझे गाव होते, मलकापूर कडेला. जळगाव जामोदच्या मित्रांकडे ढग आले. उरलो आम्ही दोघे.

पद्धत साधी. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवायचे, डोळा दुर्बिणीला लावायचा आणि तारा दिसतो तोवर म्हणत राहायचे — आहे, आहे. दिसेनासा झाला की — गेला. सरावाच्या वेळी भाऊ हसले होते. "सर, तारा काय पोट्टा हाय का? हजेरी घेऊन राह्यले तुमी त्याची."

त्या संध्याकाळी माझ्या श्वासाने भिंगावर वाफ धरली. मी डोळा बाजूला घेतला, जॅकेटची चेन उघडून रुमाल घेतला, भिंग पुसले. दहा सेकंद — फार तर बारा. तोंड मात्र चालूच होते. सवयीने? की थांबलो तर माझी चूक नोंदली जाईल म्हणून? आहे, आहे, आहे. पुन्हा पाहिले तेव्हा तारा जागेवर होता. सगळ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संयोजकांना मी अहवाल पाठवला : तारा सलग दिसला.

भाऊंनी कळवले : चार सेकंद गेला.

मग मी माझे ध्वनिमुद्रण ऐकले. त्यांनी दिलेल्या वेळेच्या जरा आधी चेनचा आवाज येतो — आणि नेमक्या त्या वेळेला माझा शांत, वर्गातला आवाज. आहे.

संयोजकांना प्रश्न पडला : मधल्या माणसाला तारा दिसत राहिला, तर कडेच्या माणसाचा गेला कसा? त्यांनी भाऊंची नोंद संशयास्पद म्हणून बाजूला ठेवली. मला एक ओळ लिहायची होती. मी लिहिली नाही. शिकवणारा चुकला आणि शिकणारा बरोबर ठरला — हे मला सहन होणार नव्हते. दुसरे काहीही कारण नव्हते.

भाऊंचा फोन आला. वाद घालतील असे वाटले होते. म्हणाले, "तुमाले दिसत व्हता म्हन्जे मलेच भास झाला असन, सर. डोये म्हातारे झाले माये."

मी काय म्हणालो? म्हणालो, "होते असे कधी कधी."

मागच्या महिन्यात पत्नीचे मनगटी घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी ते उघडलेच नाही. "बारीक काम बंद केलं, सर. त्या ताऱ्यापासून डोयाचा भरवसाच नाही राह्यला. आता भिंतीवरचे घड्याळं तेवढे करतो." मग माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

आज सकाळी ते ध्वनिमुद्रण संयोजकांना पाठवले, आणि भाऊंनाही. उत्तर आलेले नाही. यावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

त्या चार सेकंदांत तारा जागेवर नव्हता. मीही नव्हतो. जागेवर होते ते सुधाकरभाऊ.