थंड इंजिनाचे टॅपेट

मिस्त्रीची पाठ आताशा त्याचं ऐकेनाशी झाली होती. बॉनेटखाली वाकला की सरळ व्हायला गंजलेल्या जॅकइतका वेळ लागायचा. हे एक इंजिन हातावेगळं केलं की रविवारी पान्याला शिवायचं नाही, असं त्यानं बायकोला कबूल केलं होतं. आणि ते इंजिन निघालं तिच्याच धाकट्या भावाचं. घरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नसते.

मेहुण्याला डोंगरचढाच्या शर्यतीत गाडी पळवायचा नाद. गेल्या वर्षी वळणावर उलटला, हात मोडून घेतला. गाडीचं काही चुकलं नव्हतं. हा पठ्ठ्या रात्रभर उंडारून, डोळ्याला डोळा न लावता तसाच शर्यतीला उभा राहिला होता. हात जुळला न जुळला तोच जास्त उचलीचा नवा कॅम काखोटीला मारून गॅरेजच्या दारात हजर.

कॅम हा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह जितका उंच उचलेल तितका इंजिनाचा श्वास मोठा. पण कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये टॅपेट लागतात, आणि घोडं अडलं ते तिथं. तेलावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट स्वभावानं गरीब. आवाज नाही, मधली फट आपली आपण भरून काढतात, बसवा आणि विसरा. फक्त इंजिन फार पळवलं की तेलानं फुगून बसतात, व्हॉल्व्ह मिटू देत नाहीत आणि ऐन चढावर इंजिनाचा दम जातो. सॉलिड टॅपेट म्हणजे नुसता ठोकळा. हवं तेवढं पळवा, कुरकुर नाही. मात्र सारखे टिकटिकतात आणि त्यांची फट पुन्हा पुन्हा हातानं बसवावी लागते. मेहुण्याला सॉलिडच हवे होते.

बायको चहा घेऊन आली आणि टायरवर बूड टेकून बसली.

"अहो, ते तेलाचेच बसवा. इंजिनाचा दम गेला तर जाऊ दे. धाकट्याला सांगूच नका."

"सेल्फ मारताच ओळखेल तो. टिकटिक नाही म्हणजे सॉलिड नाहीत."

"मग वाजतील असे बसवा. तेल कमी पडलं की तेही वाजतात. इतकी वर्षं काय कानात बोळे घालून बसलेय मी?"

मिस्त्री हसला, तर पाठीत कळ आली. तसे बसवले तर नवा कॅम खाऊन टाकतील, म्हणाला. आणि खोटं बोलायचं तर नंतर ते लक्षात ठेवायला लागतं. तेवढं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं. उघडपणे हायड्रॉलिक घातले असते तर मेहुणा दुसऱ्या गॅरेजात गेला असता. समोर दोन्ही टॅपेटांची खोकी उघडी ठेवून तो बसून राहिला. चहा निवला, त्यावर साय धरली.

मेहुणा आला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "सॉलिड बसवतो. पण प्रत्येक शर्यतीआधी फट मीच बसवणार, आणि तीही थंड इंजिनावर."

"थंड म्हणजे, भावोजी?"

"आदल्या दिवशी दुपारी गाडी इथं लावायची. सकाळी उजाडताना फट बघेन, मग चावी मिळेल."

बाकीचे गरम इंजिनावर चहा पिता पिता बसवून देतात, असं मेहुण्यानं ऐकवलं. मग त्यांच्याकडेच जा, असं मिस्त्रीनं न चिडता सांगितलं. चिडायलाही जोर लागतो.

"आणि रात्रभर मी कुठं जाऊ?"

"ते तुझ्या बहिणीला विचार."

बहिणीनं बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर केव्हाच चादर घातली होती.

इंजिन जोडून झालं, सेल्फ मारला. टॅपेट टिकटिकायला लागले, तसा मेहुणा गाडीभोवती दोनदा फिरून आला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. शिलाई मशीन चालल्यासारखं वाजतंय, म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "शर्यती रविवारीच असतात ना हो?"

"हं."

"म्हणजे तुमचा रविवार गेला."

"गेला."

मिस्त्री बादली उपडी घालून तिच्यावर बसला. कुणी हात दिल्याशिवाय उठायचं त्याच्या मनात नव्हतं.