वालावरचा मावा

बाबा गेल्यावर आई गव्हाणचं घर बंद करून पनवेलला माझ्याकडे राहायला आली आणि बोलेनाशी झाली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. थंडीत मी गॅलरीतल्या ड्रममध्ये वाल लावले, तेव्हा कुठे ती उठून तिथे बसायला लागली.

वाल फुलावर आले आणि शेंड्यांना काळा मावा चिकटला, रस शोषणारी बारीक कीड. मी फवारा आणला, तर आईने हात धरला. "मारू नको गो. ह्या बघ, ह्या हायत खायला."

पानांवर लेडीबर्डच्या पाच-सहा अळ्या फिरत होत्या, काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती. मी फवारा ठेवून दिला. मग रोज चहाबरोबर अळ्यांची खबर यायची. "आज जाडी झाली."

पुढे मावा बदलू लागला. एकेक किडा फुगून, तपकिरी, कडक होऊन पानालाच चिकटून राहायचा. भिंगातून पाहिलं, तर चिलटाएवढी गांधीलमाशी पोट वाकवून जिवंत माव्याला टोचत होती. तिची अंडी त्याच्या पोटात. पिल्लू त्याला आतून खाऊन, पाठीला भोक पाडून बाहेर येतं.

"बरंच झालं, मावा जाईल," मी म्हटलं.

"आन ह्या काय खातील?"

अळ्या त्या कडक झालेल्या किड्यांना तोंड लावून सोडून द्यायच्या. एके सकाळी मोठ्या अळीने लहानीलाच धरून खाल्लं. आईने ते पाहिलं आणि हट्टच धरला, शेतावरून मावा आणू. गव्हाणचं शेत तर बाबा असतानाच प्रकल्पात गेलेलं. तरी रिक्षा केली.

तिथे मातीचा भराव आणि पत्र्याचं कुंपण. आई पत्र्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. कडेच्या रुईवर पिवळा मावा मिळाला. ती फांदी तिने पदराआड धरून घरी आणली.

दोनच अळ्या उरल्या होत्या. एक देठाला लटकून वाळलेली. दुसरी रुईच्या फांदीवर थोडी चढली आणि खाली पडली.

"उपाशी मेली," आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मावा गेला, वालाला शेंगा लगडल्या. मी त्या दाण्यांचं बिरडं केलं. आईने वाटी बाजूला सरकवली. गॅलरीत ती पुन्हा गेली नाही. बिरडं मी दोन दिवस एकटीच खात होते.