पाण्याखालचा वर्ग

गच्चीवरच्या कुंड्यांत धरणातला गाळ घातला. त्याच्या वासानं मला मी बी.ए. झाले तो उन्हाळा आठवला. घराण्यातली पहिली पदवी माझी. माझे वडील, आप्पा, पेढे वाटायचे सोडून म्हणाले, "चल, पाऊस लागायच्या आत एक जागा दावतो."

दाजीपूरच्या डोंगरांखाली धरणाचं पाणी पार आटलं होतं. आप्पांचं बुडालेलं गाव उघडं पडलं होतं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही त्यांच्या शाळेच्या जोत्यापाशी आलो.

"चौथीपतोर हितं शिकलो. पलीकडं पाचवीचा वर्ग. तवर पाणी आलं, शाळा सुटली. जा, बस तिथं."

"मी कशाला? तुम्हीच बसा की!"

"ह्या वयात? मास्तर हाकलंल की गं!"

हसत हसतच त्यांनी चपला काढल्या, जोत्यावर चढले आणि पाचवीच्या वर्गाच्या जागी मांडी घालून ताठ बसले. चहूबाजूंनी डोंगर उभे होते.

आता पावसाळ्यात तिथं जाते, तेव्हा ढग थेट पाण्यावर उतरलेले असतात. काठावरची माणसं फोटो काढत म्हणतात, "काय पाणी हाय!" मी त्या अथांग पाण्याकडं बघत राहते. खाली आप्पांचा पाचवीचा वर्ग भरलेला असतो.