नाहूरच्या हॉलमधली नाचणीची भाकरी

शकु वाव्हळचा आवाज असा, की नाहूरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये ती शिकवायला लागली की बाहेरच्या टपरीवरचा चहावाला रेडिओ बारीक करायचा. त्यालाही ऐकायचं असायचं ना! बाई मूळची नगरकडची. बाप खंडू साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होता. पोरगी शेतकीची पदविका घेणार म्हटल्यावर तो वैतागला होता. "अगं, ज्या मातीतनं आम्ही पळून आलो, तीच शिकायला तू फी भरणार?" शकु हसली आणि शिकली. पुढे एका संस्थेत तिला अगदी मनाजोगं काम मिळालं. शाळेत शेती आणि गावचं खाणं कसं शिकवायचं, हे खेड्यांतल्या मास्तरांना शिकवायचं.

हा चौऱ्याऐंशी सालचा पहिलाच वर्ग. मुरबाड, शहापूर, जव्हारकडचे मास्तर आणि बाया आलेल्या. पहिला आठवडा झकास गेला. पण सोमवारी शिक्षण खात्याचे तांडेल साहेब वर्ग बघायला येणार होते. त्यांनी मंजुरी दिली तर वर्ग पुढे चालणार, नाहीतर हॉल शिवणक्लासला जाणार, असं हॉलच्या कमिटीने स्वच्छ सांगितलेलं. शकुच्या तोंडचं पाणी पळालं.

शनिवारी सगळे घरी निघाले तेव्हा तिने दारात उभं राहून बजावलं, "येताना आपापल्या गावचं खाणं आणा. साहेबांपुढे मांडायचं आणि त्यावरच धडा घ्यायचा. कळलं ना?"

"कळलं, बाई!" सगळे एका सुरात म्हणाले. मास्तरच ते, सुरात बोलायची सवय.

सोमवारी सकाळी टेबलावर पिशव्या उघडल्या आणि शकुने कपाळावर हात मारला. खारी बिस्किटं! दोन डबे श्रीखंड! बुंदीचे लाडू, फरसाण, कल्याणच्या बेकरीतला फळांचा केक आणि एका शहाण्याने तर स्लाइस ब्रेड आणि जामची बाटली आणलेली.

"हे तुमच्या गावचं खाणं?" शकुचा आवाज पार टपरीपर्यंत गेला. "चंदर गुरुजी, मुरबाडला जामची शेती कधीपासून होते हो?"

चंदर गुरुजींचा चेहरा पडला. तसा माणूस गुणी, वर्गात सगळ्यांत पुढे बसणारा. "बाई, मी नाचणीचं म्हटलं होतं घरी. पण बायको म्हणाली, मुंबईला साहेबासमोर काळी भाकरी नेऊन आमची अब्रू घालवता का? तिने शेजाऱ्याला पाठवून हे आणवलं."

"वाट लागली!" शकु खुर्चीत बसली. "आठवडाभर काय शिकवलं मी तुम्हाला? स्वतःच्या ताटाची लाज वाटणारे मास्तर पोरांना काय शिकवणार?"

तेवढ्यात जव्हारच्या मथुराबाई उठल्या. एरवी आठवडाभर तोंडातून शब्द न काढणाऱ्या. त्यांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या खोक्याकडे बोट केलं. "बाई, आणि तुम्ही साहेबांसाठी काय आणलंय?"

शकुने झाकण उचललं. खोक्यात मुलुंडहून आणलेल्या क्रीमच्या पेस्ट्र्या होत्या.

"आणि तुमचा दुपारचा डबा?"

आता मात्र बाईंचे कान लाल झाले. डबा तिने कपाटामागे सरकवून ठेवला होता, साहेबांना दिसू नये म्हणून. तिने तो निमूटपणे आणला आणि उघडून टेबलावर ठेवला. बाजरीची भाकरी आणि ठेचा! आधी चंदर गुरुजी फिसकन हसले, मग सगळा हॉल, आणि शेवटी शकु इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग काय, ज्याने त्याने आपली थैली ओढली. साहेबांसाठी बेकरी, पण स्वतःच्या दुपारच्या जेवणाला घरचंच बांधून आणलेलं! नाचणीच्या भाकऱ्या निघाल्या, वरीचा भात निघाला, उडदाचं घट्ट वरण, सुकटीची चटणी निघाली. वास असा सुटला की चहावाला दारात येऊन उभा राहिला.

आणि त्याच्याच पाठोपाठ साहेब! उंच, काळेसावळे, कडक इस्त्रीचे. बिस्किटांवरून त्यांची नजर भाकरीवर गेली, भाकरीवरून शकुवर. "चालू द्या," एवढंच म्हणून ते मागच्या बाकावर बसले.

धडा चंदर गुरुजींनी घ्यायचा होता, पण त्यांचं लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. त्यांनी नाचणीची भाकरी हातात उचलली. पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब कसा भाजतात, रोपं कधी लावतात, कणसं कोण खुडतं, भाकरी थापताना पाणी गरम का लागतं, असं ते विचारत गेले आणि बाकीचे मास्तर पोरांसारखे बोटं वर करून भांडायला लागले. शहापूरकराला जव्हारची रीत पटेना. अहो, काय गोंधळ!

साहेबांनी हात वर केला तसे सगळे थांबले. "गुरुजी, पालक म्हणतील, हे तर आम्ही घरीच शिकवतो. मग शाळा कशाला?"

शकुचा बापही हेच म्हणाला असता.

चंदर गुरुजी अडखळले. "साहेब, परवा माझ्याच घरात या भाकरीची लाज वाटली. मास्तराच्या घरात ही गत, तर पोरं काय करतील? मी आता रोज वर्गात त्यांच्यासोबत बसून हीच खाणार. पुढचं पुढे."

साहेब उठून उभे राहिले. मग त्यांनी दारातल्या ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, सीटखालचा माझा डबा आण."

डबा आला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. शकु बघतच राहिली.

"आम्ही जुहूचे कोळी," साहेब बाही सारत म्हणाले. "ऑफिसात वास येतो म्हणून रोज गाडीतच जेवतो. एकटाच." ते ऐकून मास्तरांनी बाक सरकवून जमिनीवर पंगत मांडली.

"साहेब, वर्गाचं काय?" शकुला राहवेना. तिचे डोळे भरून आले होते.

"मंजूर आहे हो बाई," साहेब पंगतीत मांडी घालून बसले. "आधी सरका जरा, जागा करा."