शुभेच्छुकांच्या रांगेत

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचे दोन खांब आहेत. त्यांच्यामध्ये एक फ्लेक्स बरोबर मावतो, त्यामुळं तिथं बाराही महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. कुणी हात जोडून, कुणी गॉगल लावून, कुणी फोन कानाला धरून. त्या फोनवर पलीकडं कोण असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

या फ्लेक्सविरुद्ध मी वर्गात बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, दाढीच्या खुर्चीत गळ्याशी वस्तरा असतानाही बोललो. वाढदिवस एका दिवसात संपतो, कापड मात्र प्लास्टिकचं, ते कुजायचं नाव घेत नाही. पूर ओसरला की पंचगंगेकाठच्या बाभळींवर कुणाकुणाचे वाढदिवस फाटून लोंबत असतात. हे इतक्या वेळा सांगितलं की मी तोंड उघडलं की लोक पावसापाण्याचं बोलायला लागत.

एका सकाळी दूध आणायला निघालो तर खांबांमध्ये आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ. ज्या हायस्कूलात मी मराठी शिकवायचो, तिथंच ते क्लार्क होते. दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. आता ते फेटा बांधून वर उभे होते, मागं डरकाळी फोडणारा सिंह, खाली ‘कर्तव्यदक्ष’. हा शब्द गल्लीतल्या निम्म्या पोरांना मीच शिकवला होता. त्यांच्यासाठी नव्हे.

तेही चाललं असतं. पण खाली शुभेच्छुकांची रांग होती, बोटाएवढ्या फोटोंची, आणि त्यातले बरेचसे माझे विद्यार्थी. ज्याला मी व्याकरणात ढकलून पास केलं, तो तिसऱ्या नंबरवर हसत होता. मी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, परत पाहिली. मी नव्हतो. त्यांनी विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण विचारायला काय झालं होतं?

घरी येऊन मी प्लास्टिकवर बोलू लागलो. बायकोनं दूध पातेल्यात ओतलं.

“तुम्हाला पाहिजे होता व्हय फोटो?”

“मी पर्यावरणाचं बोलतोय.”

“तेच म्हणते मी.”

पुढं वळवाच्या वाऱ्यानं आमच्या पोर्चचा पत्रा उडाला, नुसते पाइप उरले. पत्रेवाला दिवाळीनंतर येतो म्हणाला. पाऊस तोंडावर आलेला. ताडपत्री आणायला स्कूटर काढली तोच समोरच्या गेटातून हाक आली.

“सर, ताडपत्री कशाला विकत घेताय? माझा फ्लेक्स हाय की! माळ्यावर पडलाय नुसता.”

मी ‘नको’ म्हणायच्या आत बायको ‘द्या’ म्हणाली. रस्त्यावरून दिसायला नको म्हणून छापील बाजू आत केली. परिणामी अख्खा पावसाळा मी त्यांच्या तोंडाखाली बसून चहा प्यालो. वारा आला की त्यांचे गाल फुगायचे. आणि एक थेंब गळला नाही. तो गळला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते स्वतःच पोर्चमध्ये आले. वर आपल्याकडं बघून समाधानानं हसले.

“सर, एक पासपोर्ट फोटू द्या की. औंदा तुमाला बी घेतोय खाली.”

माझं भाषण तयार होतं. ते त्यांनाही पाठ होतं.

“तुमचं बाभळीचं म्हाईत हाय मला. पण एवढ्याशा फोटूनं काय नदी तुंबणार हाय व्हय?”

“गॉगल नसला तर चालेल ना?” मी म्हणालो.

मी अकरावा आलो. त्या आठवड्यात आमच्याकडं दुधाला मीच जात होतो, सकाळी आणि संध्याकाळीही. कुणी थांबून बघतंय का, हे मी पलीकडच्या पानपट्टीपाशी उभं राहून पाहिलं. एक कुत्रं थांबलं होतं, खांबापाशी, वेगळ्या कामासाठी.

पत्रेवाला अजून यायचाच आहे. पहिला फ्लेक्स उन्हानं चिरला, म्हणून जूनमध्ये यंदाचा नवा वर चढला. चिरलेला घंटागाडीत द्यायला गेलो तर गाडीवाल्यानं हात जोडले. आता तो आमच्या जिन्याखाली आहे, सिंहासकट, आणि बाभळींचा विषय मी सध्या काढत नाही.

नवा फ्लेक्स पोर्चपेक्षा लांब निघाला, एक टोक दुमडणं भाग होतं.

“खालची रांग दुमडा,” बायको म्हणाली, “उतार तिकडं आहे, पाणी नीट जाईल.”

मी फेटा दुमडला.

आता त्या घडीत पाणी साचतं आणि ठिबकतं, नेमकं माझ्या खुर्चीवर. बायकोनं तिथं बादली ठेवली, मी खुर्ची थोडी सरकवली. इथून मान वर केली की मी दिसतो. फक्त दहाव्या नंबरवाल्याचा फोटो माझ्यापेक्षा चांगला नखभर मोठा आहे, हे खांबावर असताना लक्षात आलं नव्हतं. सहामाहीत तो मराठीत नापास झाला होता.